केडगाव, मार्गे काष्टी

मित्रांनो, मला ओळखायला तुम्हाला जरा वेळ लागेल. उभं लोखंडी नळकांडं, वर आडवी लाकडी मूठ, खाली पाय ठेवायला दोन कान आणि बाजूला लोंबणारी रबरी नळी. सायकलच्या चाकांत हवा भरत म्हातारा झालेला पंप आहे मी. माझा रंग मूळचा हिरवा. आता तो फक्त तळाशी, जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे राहिला आहे.

माझा जन्म लांब उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून, खोक्यात बंद होऊन मी मालगाडीने नगरला आलो आणि तिथून केडगावला, पुणे रस्त्यावरच्या नूरमहंमदभाईंच्या सायकलच्या दुकानात. नूरमहंमदभाईंना तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. त्यांनी माझा दट्ट्या वर ओढला, खाली दाबला, फस्स आवाज ऐकला आणि मान हलवली. त्या दिवसापासून मी कामाला लागलो.

काय दिवस होते ते! पहाटे दूधवाले यायचे, मग कारखान्याचे कामगार, मग शाळेच्या मुली. हवा भरताना माणूस गप्प राहत नाही. मूठ खालीवर करता करता तो सांगतो की मी अमक्या गावाला निघालोय, बहिणीला भेटायला चाललोय, परीक्षेला उशीर झालाय. मला ऐकायची भारी आवड. पण एक चुटपूट लागून राहायची. निघालेली माणसं मला दिसत, पोचलेली कधीच दिसत नसत. त्या बहिणीने दार उघडलं का, तो मुलगा परीक्षेला वेळेवर बसला का, मला कोण सांगणार?

पुढे मोटारसायकली वाढल्या. दुकानात हवेचं मोठं यंत्र आलं. ते धडधडायला लागलं की माझ्याकडे कुणी बघेना. नूरमहंमदभाईंनी मला भिंतीला टांगलं. पोटातलं चामड्याचं वॉशर सुकून कडक झालं. बरीच वर्षं मी तिथून नुसता रस्ता बघत होतो.

आता मला खाली कुणी उतरवलं ते सांगतो.

गहिनीनाथ सुप्याच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली होती, मूलबाळ नव्हतं. ते दुपारी मालनबाईंच्या खानावळीत जेवायचे. मालनबाई मूळच्या काष्टीच्या सून. नवरा लवकर गेला. मुलाला, रविराजला, काष्टीत त्याच्या चुलत्याकडे ठेवून त्या सुप्याला आल्या आणि कामगारांचे डबे करू लागल्या. रविराज मोठा झाला, त्याचं लग्न झालं, काष्टीत रस्त्यालगत त्याने दूध गोळा करायचं केंद्र काढलं. आणि मालनबाईंनी पन्नाशी ओलांडल्यावर गहिनीनाथांशी लग्न केलं. दोघं केडगावात राहायला आली. मुलगा लग्नाला आला नाही. त्यानंतर तो आईशी बोललाही नाही.

मालनबाईंना सगळ्याची चौकशी. खानावळीत देशभरातले कामगार जेवायला येत. वाढता वाढता त्या विचारत, तुमच्याकडे भाकरी कशाची करतात, डाळीला फोडणी कशाची देतात. त्यांतल्या एकाने सांगितलं होतं की त्याच्या गावाजवळ तीन समुद्र एकत्र येतात आणि पाण्याचे तीन रंग दिसतात. मालनबाईंनी एकही समुद्र पाहिला नव्हता. गहिनीनाथ निवृत्त झाल्यावर एकदा हे बोलणं निघालं. ते म्हणाले, आगगाडीने कन्याकुमारीला जाऊ आणि येताना सायकलीवर येऊ, म्हणजे मधलं सगळं बघून होईल. मालनबाईंना सायकल येत नव्हती. नूरमहंमदभाईंच्या दुकानामागच्या मैदानात त्या शिकल्या. दोनदा गुडघे फोडून घेतले, पण शिकल्या.

निघायच्या आधी गहिनीनाथांनी प्लॅस्टिकचा एक लहानसा पंप घेतला होता. तो सरावातच मोडला. तेव्हा नूरमहंमदभाईंनी मला खाली काढलं, माझं वॉशर शेंगतेलात भिजवून मऊ केलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी मला गहिनीनाथांच्या सायकलच्या दांड्याला बांधलं. ओझं होईल, असं शेजारी म्हणाले. नूरमहंमदभाई म्हणाले, ओझं होईल, पण दगा देणार नाही. इतकी वर्षं भिंतीवर काढल्यावर ते शब्द ऐकून मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

त्या प्रवासाची सगळी गोष्ट सांगायला बसलो तर तुमची शाळा बुडेल. खारी हवा, ओली हवा, कॉफी भाजल्याच्या वासाची हवा, कापसाच्या तुसांनी भरलेली हवा, सगळी मी पोटात घेतली आणि त्या दोघांच्या चाकांत भरली. मालनबाई जिथे थांबत तिथे स्वयंपाकघरात डोकावत. भाषा येत नसली तरी त्यांचं अडत नसे. एक गोष्ट मात्र रोज घडे. भेटणारे लोक गहिनीनाथांना विचारत, किती किलोमीटर झाले, बाईंना झेपतं का. बाईंना कुणी काही विचारत नसे. त्या बाजूला उभ्या राहून हसत.

सोलापूर मागे टाकून आम्ही टेंभुर्णीला आलो. तिथे दोन वाटा फुटतात. करमाळ्यावरून नगरला सरळ रस्ता आहे. दुसरा इंदापूर, दौंड करत काष्टीवरून येतो, तो लांबचा. गहिनीनाथ सरळ रस्त्याला वळले होते. मालनबाई फाट्यावरच थांबल्या.

"काष्टीवरनं जाऊ," त्या म्हणाल्या.

गहिनीनाथांनी का म्हणून विचारलं नाही. सायकल वळवली.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही दौंडहून निघालो. थंडी होती. सगळा प्रवास मालनबाईंनी पंजाबी ड्रेसवर केला होता. त्या सकाळी त्यांनी पिशवीच्या तळातून साडी काढून नेसली. गहिनीनाथांनी पाहिलं आणि त्यांच्या सायकलच्या चेनीवरचं झाकण घट्ट केलं, पदर अडकू नये म्हणून. मला मोठं कुतूहल वाटत होतं. आज घरी पोचायचं, तर ही दोघं इतकी गप्प का?

भीमेचा पूल ओलांडला. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून समोरून येत होते. काष्टी जवळ आली तशी मालनबाईंची सायकल हळू होत गेली. रस्त्याच्या पलीकडे पत्र्याची शेड होती. दुधाचे कॅन मांडलेले, दोन-तीन माणसं घागरी घेऊन उभी. आत काउंटरमागे तिशीचा एक उंच माणूस दूध मोजत होता. मालनबाई शेडच्या बरोबर समोर थांबल्या.

"मागच्या चाकात हवा कमी वाटतीय," त्या म्हणाल्या.

गहिनीनाथांनी वाकून टायर अंगठ्याने दाबला. मग उठून म्हणाले, "व्हय. कमी हाय जरा."

त्यांनी मला सोडलं, नळी चाकाला लावली आणि मूठ दाबली. मित्रांनो, चाकात किती हवा आहे हे पहिल्याच दाबाला मला कळतं. आणि कळण्याआधीच एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की त्यांनी नळी पुरती बसवलीच नव्हती. हवा बाहेरच सुटत होती. टायर दगडासारखा टणक होता. मी चक्रावलो. आयुष्यभर रिकामी चाकं भरली, भरलेल्या चाकासाठी मला कुणी कधी राबवलं नव्हतं. गहिनीनाथ सावकाश, अगदी सावकाश मूठ खालीवर करत होते आणि मालनबाई शेडकडे बघत होत्या. तेव्हा मला उमगलं की तो उंच माणूस रविराज आहे.

त्याने आम्हाला पाहिलं होतं. एकदा मान वर केली, मग परत कॅनकडे वळला. शेडमागच्या घरातून त्याची बायको राजेश्वरी बाहेर आली. तिने सासूला ओळखलं. एक पायरी उतरली, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबली.

मालनबाईंनी रुमालाने सायकलची सीट पुसली. मग हँडल पुसलं. मग घंटी पुसली.

"झाली," गहिनीनाथ हळूच म्हणाले.

"आनखी थोडी भरा."

त्यांनी आणखी भरली. घागरी घेऊन आलेली माणसं दूध घालून निघून गेली. रविराज शेडच्या आतल्या खोलीत गेला आणि बाहेर आलाच नाही. शेवटी मालनबाईंनीच माझी नळी काढली, गुंडाळली आणि मला दांड्याला नीट बांधलं.

आम्ही पुढे निघालो. कांद्याची शेतं मागे जात होती. कोळगावला चहाला थांबलो तेव्हा मालनबाईंनी हॉटेलवाल्याच्या घरात जाऊन साडी बदलली आणि परत ड्रेस घातला. चहा पिताना त्या एवढंच म्हणाल्या की करमाळ्यावरून आलो असतो तर काल संध्याकाळीच घरी पोचलो असतो. गहिनीनाथ म्हणाले की घर कुठे पळून जात नाही. मालनबाईंनी उरलेला चहा तसाच ठेवला. प्रवासात त्यांनी अन्नाचा कण टाकलेला मी पाहिला नव्हता.

मग चिखलीचा घाट लागला. मोठा नाही, पण थकल्या पायांना तो पुरेसा होता. दोघं उतरून सायकली ढकलू लागली. निम्म्यावर आलो असू, तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला. ती आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि थांबली. रविराज उतरला. त्याच्या हातात कापडात बांधलेला डबा होता.

तो आईजवळ आला, पण डबा हातातच धरून उभा राहिला. राजेश्वरीने दिलाय, असं म्हणाला. मालनबाईंनी डबा घेतला.

"तिनं डबा दिला," त्या म्हणाल्या. "आन तू?"

रविराज रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाकात हवा हुती. मला तिथनं दिसत हुतं. मग का थांबलीस?"

"तू भाइर येतोस का बघत हुते."

एक ट्रॅक्टर घाट चढत होता. तो जाईपर्यंत तिघंही कडेला उभी राहिली. आवाज लांब गेल्यावर रविराजने मनातलं सांगून टाकलं. आईने लग्न केलं याचा राग त्याला होता, लोक बोलत होते याचाही होता. पण खरं दुखलं होतं ते दुसरंच. ती बातमी त्याला भर बाजारात, बैल बघायला आलेल्या एका माणसाने हसत हसत सांगितली होती.

"तू मला सांगितलं न्हाईस, आई."

"तुला सांगितलं असतं तर तू नगं म्हनला असतास," मालनबाई म्हणाल्या. "आन तू नगं म्हनला असतास तर मी केलं नसतं. मला तर करायचं हुतं, रवी."

रविराज खाली बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा उठेल आणि निघून जाईल. तो उठला नाही. सायकलला लटकवलेल्या पिशव्या, झिजलेली पायडलं, त्यावर चिकटलेली कुठकुठली माती बघत राहिला. मग त्याने विचारलं, "एवढं लांब काय हुतं बघायला?"

मित्रांनो, दोन महिन्यांत मालनबाईंना हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या सांगायला लागल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या, कारण कुठून सुरुवात करावी तेच त्यांना समजेना.

इतका वेळ गहिनीनाथ आपली सायकल धरून चार पावलं लांब उभे होते. ते पुढे आले आणि सायकल रविराजसमोर उभी केली.

"हिथं उभं राहून काय काय सांगंल ती. ही घे. तिच्यासंगं चालव. तुझी गाडी मी आनतो मागनं."

मालनबाई नको म्हणाल्या. घर एवढं जवळ आलेलं, आणि तुमची फेरी शेवटाला अपुरी राहील, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. मलाही तेच वाटत होतं. कन्याकुमारीहून ज्या माणसाने ही सायकल पाय ओढत इथवर आणली, त्याने शेवटचा तुकडा असा सोडून द्यावा?

"मी लई ऐकलंय तुझं," गहिनीनाथ हसून म्हणाले. "आता त्याला ऐकू दे."

त्यांनी मोटारसायकल सुरू केली. दुधाच्या कॅनचे रिकामे हूक दोन्ही बाजूंना खडखडत होते.

रविराज शाळा सुटल्यापासून सायकलवर बसला नव्हता. उरलेला चढ ढकलत संपवून घाटमाथ्यावरून निघताना तो असा डुगडुगला की मला माझ्या नळीची काळजी वाटली. मग चाकं सरळ झाली. उतार लागला. मी त्याच्या गुडघ्यांमध्ये बांधलेला होतो, म्हणून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

त्याने विचारलं, समुद्राला खरंच तीन रंग आहेत का. मालनबाई म्हणाल्या, "लई बघितलं रं. सांजपतूर बघत बसले. पानी एकच हाय, नावं तेवढी तीन." पण वाईट वाटलं नाही, असंही त्या म्हणाल्या, एवढं पाणी एका जागी बघून त्यांना उगाच हसू येत होतं. त्याने विचारलं, झोपत कुठे होता. देवळात, शाळेच्या ओट्यावर, एकदा एका मशिदीच्या आवारात, एकदा भाताच्या गिरणीत. त्याने विचारलं, भीती नाही वाटली का. जंगलातल्या एका रस्त्यावर समोर काहीतरी मोठं हललं तेव्हा वाटली, पण तो हत्ती निघाला नाही, पालापाचोळा वाहणारी बैलगाडी निघाली. रविराज मोठ्याने हसला. त्याचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

शेवटी समोर बघतच त्याने विचारलं, "ते तुला नीट बघत्यात का?"

मालनबाईंनी कर्नाटकातली एक गोष्ट सांगितली. त्यांना ताप आला होता. एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी मुक्काम होता. गहिनीनाथांनी जन्मात पहिल्यांदा चुलीवर भात केला. तो खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. "मधला मधला काढून मला चारला," त्या म्हणाल्या, "आन करपलेला सोता खाल्ला. वर म्हनत्यात, झ्याक झालाय."

मागे मोटारसायकल अंतर राखून येत होती. रविराजने एकदा वळून पाहिलं.

खडकी गेली, अरणगाव गेलं. उन्हं कलली होती तेव्हा आम्ही केडगावच्या वळणावर आलो. लांबून दुकान दिसत होतं. नूरमहंमदभाई हार घेऊन उभे होते, त्यांच्याबरोबर गल्लीतली माणसं, खानावळीत जेवणारे काही कामगार. त्यांनी दोन सायकली पाहिल्या आणि हात वर केले. मालनबाईंनी ब्रेक दाबला. त्या थांबल्या म्हणून रविराजही थांबला. गहिनीनाथ मागून येऊन पोचले, मोटारसायकल बंद करून बाजूला उभे राहिले आणि म्हणाले की चला, लोक खोळंबलेत, तुम्ही दोघं पुढे व्हा.

रविराज सायकलवरून उतरला. हँडल दोन्ही हातांनी धरून तो गहिनीनाथांपर्यंत चालत गेला. आतापर्यंत तो त्यांच्याशी थेट एक शब्दही बोलला नव्हता.

"तुमी जावा पुढं," तो म्हणाला. "ह्यो शेवट तुमचा दोघांचा हाय. मी येतो मागनं."

गहिनीनाथांनी हँडल घेतलं. "जेवाय थांबशील ना?" त्यांनी विचारलं.

रविराजने घड्याळात पाहिलं. संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि राजेश्वरीला सांगितलं की आज दूध तूच मोजून घे, मी आईकडे जेवून येतो.

मग ती दोघं सायकलीवर बसली आणि चाकाला चाक लावून, शेजारी शेजारी केडगावात शिरली. इतकी वर्षं निघणारी माणसं पाहिली होती. पोचणं कसं असतं ते त्या दिवशी मी पाहिलं. त्यात हार होते, पेढे होते, किती किलोमीटर झाले हा प्रश्न होताच. पण माझं लक्ष मागे होतं. रविराज मोटारसायकल न चालवता हाताने ढकलत, गर्दीच्या कडेने येत होता.

सगळं एका दिवसात नीट झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. काष्टीत लोक अजून बोलतात. रविराजला गहिनीनाथांना काय हाक मारावी हे अजून सुचत नाही, म्हणून तो हाक न मारताच बोलायला सुरुवात करतो. पण तो येतो. राजेश्वरी येते. गेल्या वेळी ती सासूकडून नारळ घातलेली एक डाळ शिकून गेली.

मला आता दुकानातल्या भिंतीची गरज उरलेली नाही. मी गहिनीनाथांच्या दारात उभा असतो. गल्लीत कुणाचंही चाक बसलं की तो मला घेऊन जातो. तुम्हीही न्या. फक्त माझी नळी मुडपू नका, काम झाल्यावर मला उन्हात टाकू नका आणि महिन्यातून एकदा माझ्या वॉशरला तेलाचा थेंब द्या. एवढ्यावर मी तुमच्या मुलांनाही पुरेन.

आणखी एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्या घरासमोर कधी कुणी उगाचच थांबलेलं दिसलं, आणि त्याची चाकं चांगली टणक असली, तर आतून बघत बसू नका. बाहेर या, आणि वाटेत काय काय पाहिलं ते त्याला विचारा.